पेट-सीटीचा डोस: वाचकांची पत्रे आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात पेट-सीटी (किरणोत्सारी औषध टोचून आजाराची जागा दाखवणारी पेट आणि एक्स-किरणांनी शरीराच्या आतले चित्र काढणारी सीटी यांची जोड) या तपासणीची ओळख करून देताना, तिच्यातून रुग्णाच्या अंगात जाणाऱ्या किरणोत्साराबद्दल मी एकच वाक्य लिहिले होते: ‘तो मर्यादित असतो, काळजी करू नये.’ त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रे वाचल्यावर ते वाक्य अपुरे होते हे मला मान्य केले पाहिजे. ज्याच्या घरातला माणूस त्या यंत्राखाली झोपणार आहे, त्याला किती, कशातून आणि कशासाठी हे विचारण्याचा अधिकार आहे. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून बरीच वर्षे हेच मोजण्याचे काम मी केले असल्यामुळे उत्तरांत आकडे टाळलेले नाहीत. औषधोपचाराचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांचाच राहील.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): माझी आई ६८ वर्षांची आहे. लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान झाल्यापासून पाच महिन्यांत तिची दोनदा पेट-सीटी झाली आणि आता केमोथेरपी संपल्यावर तिसरी करायला सांगितली आहे. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तिला सांगितले, की एक पेट-सीटी म्हणजे छातीचे पाचशे एक्स-रे. तेव्हापासून ती तिसऱ्या स्कॅनला तयार होत नाही. दोन्ही वेळच्या सीडीतल्या डोसच्या पानांची प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही वेळी इंजेक्शन ७ मिलिक्युरीचे होते. हा पाचशेचा आकडा खरा आहे का?

उत्तर: आपण डोसची पाने पाठवलीत याबद्दल मनापासून आभार, कारण त्यामुळे मला मोघम बोलावे लागत नाही. हे पान बहुतेक जण पाहतच नाहीत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-पाच ओळी असतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी डीएलपी नावाचा एक आकडा असतो. सीटीच्या किरणांचा मारा किती होता आणि तो शरीराच्या किती लांबीवर झाला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे डीएलपी. आईंच्या पहिल्या स्कॅनच्या पानावर सुरुवातीच्या नगण्य टोपोग्रामनंतर (स्कॅनची जागा ठरवण्यासाठी घेतलेल्या झटपट प्रतिमेनंतर) दोन ओळी आहेत, एक ३१० ची आणि दुसरी ८३० ची. दुसऱ्या स्कॅनच्या पानावर एकच ओळ आहे, ३२० ची.

पेट-सीटी हे जोडस्कॅन आहे आणि त्याचा डोस दोन वाटांनी येतो. पहिली वाट इंजेक्शनची. एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर; ती जिथे जास्त ओढली जाते ती जागा पेटच्या प्रतिमेत चमकते. आईंना दिलेले ७ मिलिक्युरी म्हणजे सुमारे २५९ मेगाबेकरेल (ही दोन्ही औषधातल्या किरणोत्सारितेची मापे), आणि प्रौढ माणसाला एफडीजीच्या दर मेगाबेकरेलमागे ०.०१९ मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळालेल्या डोसचे माप) डोस मिळतो, म्हणून इंजेक्शनचा डोस दोन्ही वेळी ४.९ मिलिसिव्हर्टच्या आसपास होता. दुसरी वाट सीटीची. छाती आणि पोटाच्या भागासाठी डीएलपीला ०.०१५ ने गुणले की मिलिसिव्हर्टमध्ये ढोबळ अंदाज येतो. पहिल्या वेळी ११४० ला गुणून १७.१, दुसऱ्या वेळी ३२० ला गुणून ४.८. म्हणजे पहिले स्कॅन एकूण सुमारे २२ मिलिसिव्हर्टचे आणि दुसरे १० पेक्षा किंचित कमी.

इंजेक्शन दोन्ही वेळी सारखेच असूनही एकूण डोसमध्ये दुपटीहून अधिक फरक पडला, तो सगळा सीटीमुळे. पेटसोबतच्या सीटीची दोन वेगवेगळी कामे असतात. एफडीजीतून निघणारे किरण शरीरातून बाहेर येताना वाटेत किती शोषले गेले याचा हिशेब करणे आणि चमकलेली जागा नेमकी कोणत्या अवयवात आहे ते दाखवणे, एवढ्यासाठी कमी डोसची, थोडी खरखरीत प्रतिमा पुरते. आईंच्या पानांवरची ३१० आणि ३२० ची ओळ हीच. त्याखेरीज पहिल्या वेळी कॉन्ट्रास्ट (अवयव प्रतिमेत उठून दिसावेत म्हणून द्यायचे औषध) देऊन पूर्ण दर्जाची निदानाची सीटीही केलेली दिसते, ती ८३० ची ओळ. आजाराची पहिली मोजदाद करताना अशी सीटी मागण्याला चांगली कारणे असू शकतात. मला एवढेच म्हणायचे आहे, की जोडस्कॅनमध्ये डोस कमी-जास्त करण्याची खरी मोकळीक सीटीच्या बाजूला असते. रुग्णाने किंवा नातेवाइकाने प्रश्न विचारायचा तो त्याच बाजूबद्दल.

आता पाचशे एक्स-रेकडे वळू. छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असतो, तेव्हा आपल्या शेजाऱ्यांचा आकडा दुसऱ्या स्कॅनला जवळजवळ तंतोतंत लागू पडतो आणि पहिल्याला तर तो हजाराच्या पुढे जातो. हिशेब चुकीचा नाही. चुकले आहे ते माप. छातीचा एक्स-रे ही वैद्यकातल्या सर्वांत कमी डोसच्या तपासण्यांपैकी एक असल्यामुळे तिच्या पटीत मोजलेली कोणतीही गोष्ट प्रचंडच दिसणार. त्यापेक्षा निसर्गाचे माप घ्यावे. जमीन, हवेतला रेडॉन, अन्न आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण मिळून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. आईंची दोन्ही स्कॅने मिळून सुमारे ३२ मिलिसिव्हर्ट होतात, म्हणजे तेरा-एक वर्षांचा नैसर्गिक डोस. याच सरासरीने पाहिले तर ६८ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या शरीराने काहीही न करता १६० च्या वर मिलिसिव्हर्ट घेतलेले आहेत.

धोका मुळीच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, सर्व वयांच्या लोकसंख्येसाठी १ सिव्हर्टमागे (म्हणजे १००० मिलिसिव्हर्टमागे) कर्करोगाचा धोका सुमारे साडेपाच टक्के धरला जातो. त्या दराने ३२ मिलिसिव्हर्टला हजारात दोनपेक्षा कमी असे उत्तर येते. भारतात कोणत्याही माणसाला आयुष्यभरात कर्करोग होण्याची शक्यता राष्ट्रीय नोंदणीच्या अंदाजानुसार नऊमध्ये एक, म्हणजे हजारात सुमारे ११० आहे. शिवाय हा दर मोठ्या डोसांवरून, मुख्यतः हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या अभ्यासावरून, सरळ रेषेत खाली ओढून काढलेला आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली असा परिणाम माणसांत स्पष्टपणे मोजता आलेला नाही, आणि तरीही तो आहे असे धरून वागणे ही सावधगिरी आहे. हा दर लोकसमूहासाठी आहे, एका व्यक्तीचे भविष्य सांगण्यासाठी नाही. त्यातच किरणोत्सारातून उद्भवणाऱ्या गाठींना सहसा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात आणि वाढत्या वयात धोका घटतो, म्हणून ६८ व्या वर्षी हा आकडा आणखी खाली येतो.

याच्या समोर तिसरे स्कॅन ठेवून पाहा. लिम्फोमाच्या उपचारानंतरच्या पेट-सीटीत उरलेल्या गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून १ ते ५ असा गुण दिला जातो, त्याला डोव्हिल गुण म्हणतात. गाठ सीटीत दिसते आहे पण तिच्यात जिवंत आजार आहे, की नुसता व्रण उरला आहे, हे सीटीला एकटीने सांगता येत नाही. पेटला बरेचसे सांगता येते. त्या उत्तरावर पुढचा उपचार थांबवायचा, की वाढवायचा हे ठरते. म्हणून हे स्कॅन टाळावे असे मला वाटत नाही. आपण डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. या वेळी कॉन्ट्रास्टची वेगळी सीटी हवी आहे, की कमी डोसची पुरेल? आणि शेवटच्या केमोथेरपीनंतर पुरेसा काळ गेला आहे का? सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवडे थांबतात, कारण घाई केली तर उपचारामुळे आलेली सूजसुद्धा चमकते, शंका राहते आणि आणखी एक स्कॅन पदरात पडते. आईंना हे पान वाचून दाखवलेत तर मला बरे वाटेल.

प्रश्न (कोपरखैरणे): माझ्या पत्नीची येत्या आठवड्यात पेट-सीटी आहे. घरी चार वर्षांची नात आहे आणि ती आजीला सोडत नाही. तिला किती दिवस दूर ठेवावे? परतताना आम्ही लोकलने आलो तर इतर प्रवाशांना त्रास होईल का?

उत्तर: दिवसांचा प्रश्न येत नाही, तासांचा येतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटे आहे, म्हणजे दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो. सकाळी अकराला इंजेक्शन दिले तर रात्री नऊला चाळीसावा भागही उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तो आठ-नऊ हजारावा भाग होतो. लघवीवाटे जाते ते वेगळेच.

समजा इंजेक्शन ५ मिलिक्युरीचे आहे आणि स्कॅन संपवून, इंजेक्शननंतर दोन तासांनी, आपण केंद्राबाहेर पडता. त्या वेळी पत्नीपासून एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तासाला सुमारे ७ मायक्रोसिव्हर्ट (मायक्रोसिव्हर्ट म्हणजे मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) मिळतात, म्हणजे निसर्गातून एका दिवसात जेवढे मिळतात साधारण तेवढेच. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत खेटून बसलेल्या प्रवाशाला अर्ध्या तासात दहाच्या आसपास मायक्रोसिव्हर्ट मिळतील. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १००० मायक्रोसिव्हर्ट आहे. तेव्हा लोकलने येण्यास हरकत नाही. मी स्वतः मात्र गर्दी टाळून, शक्यतो दुपारच्या रिकाम्या गाडीने आलो असतो.

नातीबाबत मी थोडा अधिक काटेकोर राहीन, कारण लहान मूल मांडीवर बसते, गळ्यात पडते आणि अंतर शून्यावर आणते. त्या दिवशी रात्रीपर्यंत तिला मांडीवर घेऊ नये आणि कुशीत झोपवू नये. त्याच खोलीत दूर बसून गोष्ट सांगायला काहीच हरकत नाही. पत्नीने भरपूर पाणी प्यावे, वरचेवर लघवीला जावे, फ्लश दोनदा करावा आणि हात स्वच्छ धुवावेत. पाण्याचा फायदा सर्वांत जास्त त्यांना स्वतःलाच आहे. एफडीजी लघवीत उतरते, त्यामुळे सगळ्या अवयवांत अधिक डोस मूत्राशयाच्या भिंतीला मिळतो आणि मूत्राशय रिकामे ठेवले की तो कमी होतो.

याच विषयावर सीवूड्सच्या एका वाचक भगिनींनी, अंगावर पिणारे बाळ असल्यास काय करावे असे विचारले आहे. एफडीजी दुधात फार थोडी उतरते. इंजेक्शनच्या आधी बाळाला पाजावे, दूध काढून ठेवावे आणि पुढचे सुमारे बारा तास घरातल्या दुसऱ्या कोणी ते बाळाला द्यावे. येथे काळजी दुधापेक्षा आईच्या जवळिकीची आहे. हे फक्त एफडीजीबद्दल लिहिले आहे, दुसरे किरणोत्सारी औषध असेल तर नियम बदलतात. तेव्हा आपण स्तनपान देत आहोत, हे तारीख घेतानाच सांगावे. गरोदरपणाची थोडीही शक्यता असेल तर तेही त्याच वेळी सांगावे, इंजेक्शनच्या खोलीत गेल्यावर नाही.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आम्हाला सकाळी दहाची वेळ दिली होती. औषध घेऊन येणारी गाडी वाहतुकीत अडकल्यामुळे वडिलांना इंजेक्शन साडेबाराला मिळाले. तेवढ्या वेळात औषध शिळे झाले असेल का? कमी पडू नये म्हणून त्यांना जास्त दिले गेले असेल का?

उत्तर: दोन्ही शंका स्वाभाविक आहेत आणि दोहोंचे उत्तर नाही असे आहे. एफडीजी सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देऊन किरणोत्सारी अणू तयार करणाऱ्या यंत्रात) तयार केलेल्या फ्लोरिनपासून बनते. वैद्यकीय कामासाठीचा भारतातला पहिला सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. ज्या केंद्राकडे स्वतःचा सायक्लोट्रॉन नाही, त्याच्याकडे औषध रोज सकाळी शिशाच्या जाड भांड्यातून गाडीने येते आणि ते वाटेतच कमी होत राहते. दोन तास उशीर झाला तर कुपीतली किरणोत्सारिता निम्म्याहून खाली येते. याचा अर्थ औषध नासले असा नाही, तेवढ्यात कमी रुग्ण होतात एवढाच आहे.

रुग्णाला किती द्यायचे ते कुपीवरच्या लेबलवरून ठरत नाही. सिरिंज भरल्यावर ती डोस कॅलिब्रेटर नावाच्या, विहिरीसारख्या खोलगट उपकरणात सोडतात आणि त्या क्षणी पडद्यावर जो आकडा दिसतो तो वेळेसह लिहून घेतात. इंजेक्शन दिल्यावर रिकामी सिरिंज पुन्हा मोजतात आणि उरलेले वजा करतात. वडिलांच्या रिपोर्टमध्ये लिहिलेला आकडा हा असा प्रत्यक्ष मोजलेला असतो. उशिरामुळे थोडे कमी देणे भाग पडले, तर स्कॅनची मिनिटे वाढवून ते भरून काढता येते. डोस वाढत नाही.

प्रश्न (ऐरोली): माझे सासरे मधुमेही आहेत. एका केंद्रात त्यांची पेट-सीटी झाली, पण ‘स्नायूंमध्ये औषध पसरल्याने प्रतिमा वाचता येत नाहीत’ असे सांगून नऊ दिवसांनी ती पुन्हा केली. पहिल्या वेळी, आदल्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे तळ्याभोवती फेऱ्या मारून आले होते आणि सकाळी त्यांनी इन्सुलिन घेऊन बिस्किटे खाल्ली होती. कोणी काही विचारलेच नाही. आता डोस दुप्पट झाला का?

उत्तर: होय, झाला, आणि हे वाचून मला वाईट वाटले. या संपूर्ण विषयात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. २२ मिलिसिव्हर्ट देऊन अचूक उत्तर देणारे स्कॅन मला मान्य आहे. ७ मिलिसिव्हर्ट देऊन काहीच न सांगणारे स्कॅन मान्य नाही.

काय घडले असेल ते सांगतो. एफडीजी ही साखरेची बहुरूपी आहे. पेशी तिला साखर समजून आत घेते, पण पुढे जाळू शकत नाही, म्हणून ती तिथेच अडकते आणि चमकते. गाठीच्या पेशी साखर भराभर ओढतात, म्हणून त्या उठून दिसतात. रक्तात आधीच साखर जास्त असेल तर खऱ्या साखरेची आणि एफडीजीची स्पर्धा होते. इन्सुलिन नुकतेच टोचलेले असेल, किंवा नुकतेच खाल्ल्यामुळे ते शरीरातच वाढलेले असेल, तर ते साखरेला, आणि तिच्यासोबत एफडीजीलाही, स्नायूंत ढकलते. व्यायामाने थकलेला स्नायूही तिला ओढून घेतो. मग प्रतिमेत (पेटची चमक तीत काळ्या रंगाने दाखवतात) मांड्या, दंड आणि खांदे काळेभोर दिसतात आणि पोटातली लहान गाठ फिकी पडते.

म्हणून निदान चार ते सहा तास पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. दुधा-साखरेचा चहा नाही, गोड गोळी नाही, च्युइंगगमही नाही. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. इंजेक्शन देण्याआधी केंद्राने बोटातून साखर तपासलीच पाहिजे, आणि ती २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर सहसा वेळ किंवा दिवस बदलतात. साखर उतरवण्यासाठी इन्सुलिन टोचून लगेच एफडीजी देणे चालत नाही, मध्ये काही तास जावे लागतात. मेटफॉर्मिनमुळे आतड्यांची चमक वाढते, पण ती गोळी थांबवायची का आणि किती दिवस, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

इंजेक्शननंतरचा एक तास हासुद्धा तपासणीचाच भाग आहे. मंद दिव्याच्या खोलीत पांघरूण घेऊन पडून राहायला सांगतात, ते उगाच नाही. एकदा एका शिक्षिकेच्या स्कॅनमध्ये स्वरयंत्र इतके चमकले, की आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. नंतर कळले, की त्या तासभरात बाईंनी फोनवरून मुलाचा अभ्यास घेतला होता. थंडीने अंग कुडकुडले तर मानेतली आणि खांद्यांतली तपकिरी चरबीही अशीच पेटते, म्हणून वातानुकूलित खोलीत शाल जवळ असू द्यावी.

सासऱ्यांच्या बाबतीत झालेला डोस परत काढता येणार नाही. दोन्ही वेळी कमी डोसची सीटी असेल तर आकडा काळजीत पाडणारा नाही. पण तयारीबद्दल काही न विचारणे ही केंद्राची चूक होती, आणि ती त्यांना लेखी कळवावी असे माझे मत आहे, म्हणजे पुढच्या रुग्णाला ते विचारतील.

प्रश्न (कळवा): माझ्या मुलाचे वय १० वर्षे आणि वजन ३० किलो आहे. त्यालाही लिम्फोमाच आहे. मोठ्या माणसांएवढाच डोस देतात का? पेट-एमआरआय केले तर किरणोत्सार टळेल का?

उत्तर: मुलांच्या वाढत्या पेशी किरणोत्साराला अधिक संवेदनशील असतात आणि पुढे आयुष्यही मोठे असते, म्हणून आपण विचारता आहात ते योग्यच आहे. इंजेक्शन वजनानुसार देतात. उदाहरणार्थ, किलोमागे ३.७ मेगाबेकरेल धरले तर आपल्या मुलाला १११, म्हणजे ३ मिलिक्युरी होतील. येथे एक बारकावा आहे. लहान शरीरात अवयव एकमेकांच्या जवळ असल्यामुळे दर मेगाबेकरेलमागे डोस जास्त पडतो: दहा वर्षांच्या मुलासाठी ०.०३७, म्हणजे प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे औषध कमी दिले तरी डोस त्याच प्रमाणात उतरत नाही. या हिशेबाने तो सुमारे ४.१ मिलिसिव्हर्ट येतो.

सीटीच्या बाजूला मात्र खरोखर खूप करता येते. मोठ्या माणसासाठी ठरवलेल्या सेटिंगवर मुलाला स्कॅन करण्याचे काहीच कारण नाही. ट्यूबचा करंट आणि व्होल्टेज कमी करता येतात आणि आजच्या यंत्रांतल्या नव्या गणिती पद्धती त्या खरखरीत प्रतिमेलाही साफ करतात. ‘मुलांची वेगळी सेटिंग वापरता ना?’ असे तंत्रज्ञांना थेट विचारा. कोणीही चांगला तंत्रज्ञ या प्रश्नाने रागावत नाही. हात डोक्यावर घेऊन झोपणे मुलाला जमत असेल तर तेही उपयोगी आहे, कारण हात अंगालगत असले की यंत्राला जाडी जास्त भासते आणि ते आपोआप किरण वाढवते. घरी दोन-तीन दिवस पंधरा-वीस मिनिटे तसे झोपण्याचा सराव करून घ्यावा.

पेट-एमआरआयमध्ये सीटीचा डोस जातो, इंजेक्शनचा राहतो. वेळ मात्र बराच लागतो आणि लहान मुलांना त्यासाठी कधी भूल द्यावी लागते. अशी यंत्रे फार थोड्या ठिकाणी आहेत. सोय असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चालत असेल तर जरूर विचार करावा, पण तारखेची वाट पाहत उपचार लांबवू नयेत.

प्रश्न (वाशी): पाठदुखीसाठी मला स्पेक्ट-सीटीसह बोन स्कॅन सांगितले आहे. तेही एवढ्याच डोसचे असते का?

उत्तर: साधारणतः त्याहून कमी. स्पेक्ट ही पेटसारखीच, किरणोत्सारी औषध टोचून केलेली तपासणी आहे. त्यात टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात, त्याचा अर्धायुष्यकाल सहा तास आहे. २० मिलिक्युरीच्या इंजेक्शनमागे साडेतीन ते चार मिलिसिव्हर्ट डोस होतो. सीटी फक्त दुखऱ्या भागापुरती आणि कमी डोसची घेतली तर तीत थोडीच भर पडते. संपूर्ण अंगाची सीटी घेण्याची गरज सहसा नसते, तेवढे विचारून घ्या. जाता जाता सांगतो, देशातल्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे पुरवणारे ‘ब्रिट’ हे अणुऊर्जा विभागाचे मंडळ आपल्या वाशीतच आहे.

प्रश्न (नेरुळ): मी ४२ वर्षांचा आहे, प्रकृती उत्तम आहे. एका हेल्थ पॅकेजमध्ये ‘संपूर्ण शरीराची पेट-सीटी’ सवलतीत मिळते आहे. करून घ्यावी का?

उत्तर: नाही. लक्षण नाही, निदान नाही, डॉक्टरांची विशिष्ट शंका नाही, तर हा डोस कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी घ्यायचा? शिवाय एफडीजी फक्त कर्करोगात चमकत नाही. सूज, संसर्ग आणि आपल्याकडे विशेषतः क्षयाच्या गाठी तितक्याच झळकतात. मग बायोप्सी, पुन्हा स्कॅन आणि महिनाभराची झोप उडालेली असते. आजारी माणसाच्या बाबतीत चित्र उलटे होते. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या तपासण्यांना पेटची जोड दिल्यावर निष्फळ ठरणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून २१ वर आले. छाती उघडून काही हाती न लागण्यापासून एवढी माणसे वाचत असतील, तर तेथे डोसचे चीज होते. आपल्याला त्याची गरज नाही, ही आनंदाची गोष्ट आहे.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): रुग्णासाठी वर्षाला अमुक एक डोस, अशी सरकारी मर्यादा आहे का? आणि प्रत्येक वेळचा हिशेब घरच्यांनी कसा ठेवावा?

उत्तर: रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, आणि ती नसणे हेतुपूर्वक आहे. किरणोत्साराशी संबंधित कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. रुग्णाला तशीच मर्यादा घातली तर ज्याला चौथ्या स्कॅनची खरोखर गरज आहे त्याला ते नाकारावे लागेल. म्हणून रुग्णासाठी दोन कसोट्या लावतात: तपासणीची गरज सिद्ध झालेली असावी, आणि ती गरज भागेल एवढाच कमीत कमी डोस द्यावा. यंत्र चालवण्यासाठी मंडळाचा परवाना सक्तीचा आहे आणि तो कोणीही विचारू शकतो.

हिशेबासाठी शाळेची शंभर पानी वही पुरे. स्कॅनची तारीख, रुग्णाचे वजन, इंजेक्शन किती मिलिक्युरीचे आणि किती वाजता दिले, सकाळची रक्तशर्करा, कॉन्ट्रास्ट दिले की नाही, आणि डोसच्या पानावरचा एकूण डीएलपी. रिपोर्टसोबत सीडी मागून घ्यावी आणि ती देताना डोसचे पान तीत आहे ना, हे काउंटरवरच विचारावे, कारण कधी कधी ते वगळले जाते. पुढच्या स्कॅनला जाताना जुनी सीडी न विसरता न्यावी. ती नसली तर तुलनेसाठी जुन्या प्रतिमा हाती राहत नाहीत, आणि मग ‘तीन महिन्यांनी पुन्हा बघू’ असा शेरा रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत येतो.